तिसरी अवस्था

इंग्रजी मजकूर मराठीत उतरविण्याचे काम मी दहा वर्षे करीत आहे. शब्द अडला की कोश उघडावा, ही सवय अंगवळणी पडलेली. परंतु ‘स्टेज’ या शब्दाचा खरा अर्थ मला ताईच्या आजारपणाने शिकविला.

गेल्या वर्षी ताई इंदूरहून माझ्याकडे दिल्लीस आली. पाळी जाऊन सहा वर्षे लोटल्यावर तिला पुन्हा रक्तस्राव होऊ लागला होता. संकोचापोटी चार महिने तिने कोणाजवळ अक्षरही काढले नव्हते. तुकडा काढून तपासला, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. एम. आर. आय. झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी अंतर्गत तपासणीस बोलाविले, तशी ताई रडकुंडीस आली. “यंत्राने सारे पाहिले ना? मग आता हे कशाला?”

बाईंनी शांतपणे समजाविले. रोग योनिमार्गात उतरला आहे काय, गर्भाशयमुखालगतचा भाग मऊ आहे की कठीण झाला आहे, हे सरावलेल्या डोळ्यांना व बोटांना कळते. गाठीचे माप एम. आर. आय. अधिक नेमके सांगते. ओटीपोटातील खोल लसिकाग्रंथींपर्यंत तर बोटे पोहोचतच नाहीत. पूर्वी अवस्था मुख्यतः शारीरिक तपासणीवरून ठरे. २०१८ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अशा चित्रांचा आधारही ग्राह्य मानला. सक्तीचा मात्र केला नाही, कारण जेथे यंत्र नाही तेथील स्त्रीचीही अवस्था ठरलीच पाहिजे.

ताईची गाठ ३ सेंटिमीटरांची होती. हाताला रोग गर्भाशयमुखापुरताच लागला. जुन्या रीतीने ही पहिली अवस्था. पण पेट-सीटीत ओटीपोटातील दोन लसिकाग्रंथी रोगग्रस्त दिसल्या आणि अवस्था तिसरी ठरली.

‘तिसरी’ हा शब्द ऐकताच ताईने माझा हात घट्ट धरला. “म्हणजे आता एकच उरली,” ती पुटपुटली.

बाई म्हणाल्या, “यावरून उपचार कोणते ते ठरते. आधी शस्त्रक्रिया आणि मग पुन्हा किरण, असा दुहेरी त्रास नको. आरंभापासूनच किरणोपचार व जोडीला औषधे देऊ, आणि देऊ ते बरे करण्याच्याच हेतूने.”

उपचार पुरे झाले. ताई घरी परतली. दर तीन महिन्यांनी तपासणीस येते व कुरकुर करीत नाही. ते चार महिने मात्र तिला अजून सलतात. भगिनींनो, पाळी गेल्यावर रक्त दिसले तर एक दिवसही गप्प राहू नका, असे ती सर्वांना सांगते. तिचे हे सांगणे मी येथे जसेच्या तसे उतरविले आहे.