पाण्याच्या चालीनं

यामाशिना, क्योतो
शनिवार, संध्याकाळ

ती. बाबांस साष्टांग नमस्कार,

तुमचं आयुष्य कालव्याच्या भरावावर गेलं, म्हणून हे पत्र तुम्हालाच. सकाळी पुढं टोपली असलेली सायकल भाड्यानं घेतली आणि बिवा सरोवराचं पाणी क्योतोला नेणाऱ्या कालव्याच्या काठाला लागले. इथं त्याला ‘सोसुई’ म्हणतात. डोंगराच्या कडेनं वळणं घेत तो जातो. एका हाताला झाडी, दुसऱ्या हाताला खाली गावाची कौलं. जेमतेम चार किलोमीटरचा रस्ता, पण मी अख्खी सकाळ लावली. पायडल मारायला जोर म्हणून लागत नाही. तुम्ही म्हणायचात ना, कालव्याचा उतार पाण्याला कळावा, पायांना कळू नये!

चेरीचा बहर ओसरतोय. खाली मोहरीसारखी पिवळी फुलं दाटलीत आणि वरून पाकळ्या सारख्या पाण्यात गळताहेत. पाकळ्यांच्या अशा तरंगत्या थराला इथं ‘हानाइकादा’ म्हणतात, म्हणजे फुलांचा तराफा. मला तुमची काडी आठवली. पाटात काडी टाकून तुम्ही घड्याळ बघायचात आणि मी शेजारून पळायची. आज पाकळ्यांचा एक पुंजका नजरेत धरला आणि सायकल हातात घेऊन त्याच्याबरोबर चालले. माझ्या वीस पावलांना चौदा सेकंद. वेग तुम्ही काढा.

केआगे
रविवार

बाबा, आज या पाण्यामागची माणसं कळली. १८६९ मध्ये राजधानी तोक्योला गेली आणि क्योतो ओस पडायला लागलं. ते सावरावं म्हणून गव्हर्नर कितागाकींनी हा कालवा मनावर घेतला आणि काम सोपवलं तानाबे साकुरो या नुकत्याच पदवी घेतलेल्या इंजिनिअरवर. १८८५ ला सुरुवात, १८९० ला पाणी. पहिला बोगदा २,४३६ मीटरचा. दोन्ही तोंडांकडून खोदत बसले तर वेळ जाईल, म्हणून डोंगरावरून ४७ मीटरची विहीर खाली उतरवली आणि तिच्या तळातूनही दोन्ही दिशांना खणलं. हे वाचताना तुम्ही शेजारी हवे होतात.

मधेच तानाबे अमेरिकेत जाऊन जलविद्युत पाहून आले. मग १८९१ मध्ये केआगेचं वीजघर सुरू झालं आणि १८९५ मध्ये त्याच विजेवर जपानची पहिली विजेची ट्राम धावली. इथल्या ५८२ मीटरच्या उतारावर कालव्यातल्या नावा चाकांच्या गाड्यांवर चढवून रुळांवरून वरखाली नेत. रूळ अजून आहेत.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका दगडाशी. कामावर मेलेल्या सतरा जणांचं हे स्मारक तानाबेंनी १९०२ मध्ये स्वतःच्या पैशानं उभारलं. आपल्याकडं भरावाखाली सापडलेल्या त्या मजुराचं नाव कुठंच कोरलं नाही, हे तुम्ही किती वेळा बोलून दाखवलंत. मी हात जोडले, तुमच्याही वतीनं.

पुढं नान्झेनजी देवळाच्या आवारात विटांच्या कमानींचा जलसेतू आहे. खांबाची वीट ओली, शेवाळलेली. कान लावला तर गार लागते. मागच्या चढणीवरून वर गेले. पाट अरुंद, पाणी मात्र भरधाव, आणि तेही उत्तरेकडं, इथल्या नद्यांच्या उलट. इथंही पाकळी टाकली. दहा पावलांतच ती मला मागं टाकून गेली.

आईला सांगा, गुडघा दुखत नाही.

तुमची,
सुमा