पायाळू

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. अक्का माहेरपणाला आली होती. वय पंच्याहत्तरीच्या घरात, पण हौस दांडगी. रात्री लाइन गेलेली. अंधारात तिनं अंगातलं सुटर काढलं तर तडतड आवाज झाला आन् निळ्या ठिणग्या उडाल्या. नातवंडं ओरडली, "आजी, पुन्हा काढ!" अक्का मात्र खाटेवर बसली आन् म्हणाली, "पाय भाऊ, इज अजून माह्या मांगंच हाये."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आमची अक्का पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. आमच्याकडं पायाळू माणसाच्या दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, कोणाची कंबर धरली, उसण भरली, तर पायाळूनं लाथ मारली की ती सुटते. आन् दुसरी, पायाळूवर इज पडते. त्यामुळं अक्काची मोठी गंमत होती. आभाळ निरभ्र असलं की गावातले मोठे-मोठे लोक आमच्या अंगणात पाठ करून उभे राहत, "मार माय एक लात." आन् आभाळ गडगडलं की त्याच घरच्या बायका तिला ओसरीवर उभं राहू देत नसत.

मी 1977 साली दहावी झालो. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. वाशीम जिल्हा पुढं 1998 साली झाला. आमचे विज्ञानाचे मास्तर हौशी होते. शाळेच्या कपाटात एबोनाइटची एक काळी कांडी होती. मास्तरांनी ज्वारीच्या धांड्यातलं भेंड काढून बोराएवढी गोळी केली, रेशमाच्या धाग्यानं टांगली. कांडी लोकरीवर घासली आन् गोळीजवळ नेली. गोळी कांडीकडं ओढली गेली, चिकटली, आन् लगेच झटक्यानं दूर पळाली. मग कितीही जवळ न्या, ती लांबच जाय.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, स्थितिक विद्युत. घासण्यानं वीज तयार होत नाही, नुसती इकडची तिकडं जाते. लोकरीचे ऋण कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कांडीवर जातात. कांडी ऋण, लोकर तेवढीच धन. दोघांचा हिशेब एकत्र मांडला तर शून्य. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध प्रभार ओढतात. गोळीवर आधी काहीच नव्हतं, तरी ती ओढली गेली. कारण कांडी जवळ आल्यावर गोळीच्या अलीकडच्या बाजूला धन वरचढ झालं, पलीकडं ऋण. चिकटल्यावर कांडीचंच ऋण तिनं घेतलं, मग दोघांचं पटेना.

मी विचारलं होतं, "सर, हात न लावता ओढते कशी?" मास्तर म्हणाले, प्रभाराच्या भोवताली त्याचं क्षेत्र असतं. दिसत नाही, पण त्यात दुसरा प्रभार आला की त्याला ओढ लागते. मग त्यांनी घासलेली कांडी माझ्या हातावरून वीतभर वरून फिरवली. हातावरची लव उभी राहिली. कांडी तर लागलीच नव्हती. ती लव मला आजही आठवते.

पुस्तकात पुढचाच धडा आकाशातल्या विजेचा होता. बेंजामिन फ्रँकलिननं 1752 साली पतंग उडवून दाखवलं की ढगातली वीज आन् घासलेल्या काचेची ठिणगी एकच. खाली तडितरक्षकाचं चित्र होतं. इज उंच आन् टोकदार गोष्टीवर पडते, असं त्यात साफ लिहिलेलं. परीक्षेला तो प्रश्न मी सोडवला होता.

1979 चा जून. मिरगाच्या आधी वखराच्या पाळ्या चालल्या होत्या. दुपारून आभाळ काळं झालं. बाबांनी बैल सोडून धुऱ्यावरच्या निंबाखाली बांधले आन् आम्ही दोघं खोपडीत शिरलो. अक्का तेव्हा लग्न होऊन गेलेली, पण दोन दिवसांसाठी आली होती. ती भाकरी घेऊन वावरात आली, तीही खोपडीत शिरली. पाऊस अजून चार-दोन थेंबच होता. एकदम डोळे पांढरे झाले आन् कानठळ्या बसल्या. बाहेर आलो तर निंबाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली, आन् दोन्ही बैल आडवे. अंगावर जखम नाही, रक्त नाही. एकाच्या तोंडात घास तसाच होता.

बाबा बैलाच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. त्या जोडीचं कर्ज अजून फिटायचं होतं.

संध्याकाळी अंगणात गाव जमलं. कोणीतरी म्हणालं, "पायाळू पोरगी वावरात गेली, मंग इज पडन नाही त काय!" दुसऱ्यानं मान हलवली. मायनंसुद्धा अक्काकडं पाहिलं. अक्का चुलीजवळ खाली मान घालून बसली होती. आन् मी, दहावी पास, निंबाची उंची डोळ्यांसमोर असताना भिंतीला टेकून उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. सकाळीच अक्का सासरी निघून गेली. त्यानंतर पावसाळ्यात ती कधी माहेरी आली नाही. आजतागायत नाही.

बैल का मेले हे नीट समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली. ढगात उंचावर बर्फाचे बारीक कण आन् गारांचे गोळे एकमेकांवर आपटतात, घासतात. हलके कण धन होऊन वर जातात, जड गारा ऋण होऊन खालच्या अंगाला राहतात. म्हणजे ढगाचं पोट झालं मास्तरांची कांडी, आन् खालचं वावर झालं भेंडाची गोळी. जमिनीवर वरच्या अंगाला धन गोळा होतं. मधल्या हवेवर ताण वाढत जातो. कोरडी हवा एका मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टपर्यंत ताण सोसते, मग फाटते. आन् हा ताण सपाट जागेपेक्षा उंच टोकावर जास्त गोळा होतो. सपाट वावरात एकटा निंब म्हणजे टोकच की.

अक्काच्या सुटरालाही काही हजार व्होल्ट असतात, पण तिथं प्रभार चिमूटभर. उंचावरून एक थेंब अंगावर पडला तर माणूस दचकतो, मरत नाही. विजेत मात्र उंचीही आन् अख्खं धरणही. करंट हजारो अँपिअरचा आन् उष्णता सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट.

आता बैलांचं. इज झाडावर पडली की खोडातून जमिनीत उतरते आन् चहूकडं पसरते. बुंध्यापाशी दाब जास्त, लांब जावं तसा कमी. बैलाचे पुढचे पाय बुंध्याकडं, मागचे चार-पाच फूट लांब. दोन्हीकडच्या दाबात फरक पडला की करंट एका पायानं चढतो आन् दुसऱ्यानं उतरतो, आन् मधी काळीज. म्हणून झाडाखाली ढोरं एकदम मरतात आन् जखमही दिसत नाही. माणसानं उघड्यावर सापडलं तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. नाइलाजाचा उपाय आहे हा. खरं म्हणजे पक्क्या घरात किंवा टपाच्या बंद गाडीत जावं. आमची ती खोपडीही काही कामाची नव्हती. आम्ही वाचलो ते इज निंबानं घेतली म्हणून. आन् अंगावरचे केस उभे राहायला लागले तर समजावं की आपण त्या क्षेत्रात आलो, आता वेळ फार थोडा आहे.

चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, वीस-चाळीस किलोमीटरच्या आतली इज कळवतं. नातवानं माझ्या मोबाईलवर टाकून दिलं. पण मी वावरात आन् मोबाईल घरी चार्जिंगला, असं निम्म्या वेळा होतं. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात, त्यात आपलेच शेतकरी आन् मजूर जास्त. घरच्यांना चार लाख मिळतात, त्यासाठी पंचनामा होतो. त्या कागदात पायाळू होता का नव्हता, असा रकाना नसतो.

हे सगळं मी त्या रात्री कंदिलाच्या उजेडात अक्काला सांगितलं. नातीचा प्लास्टिकचा कंगवा घासला, तिच्या हातावरून फिरवला. लव उभी राहिली. ती हाताकडं पाहत राहिली. मी म्हणालो, "त्या निंबाखाली पायाळू कोणीच नव्हतं अक्का. बैलाचे चार पाय होते."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "हे तुले तवाच ठाऊक होतं?"

"बैलाच्या पायाचं नाही. झाडाचं ठाऊक होतं."

"मंग तवा काहून नाही सांगतलं रे?"

मी कंदिलाची वात खालीवर करत राहिलो. ती सुटराची घडी करून उशाशी ठेवून झोपली.

सकाळी शेजारचा पोरगा आला, कंबरेला हात लावून, वाकडा. तुरीची पोती उचलताना चमक भरली होती. "अक्का आली म्हणतात, एक लात मारून दे ना माय." अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "थांब बाप्पा," ती त्याला म्हणाली, "माह्या भावाले इचार, पुस्तकात बसते का." आन् लुगडं सावरत उठली, भिंतीचा आधार घेतला आन् घातली त्याच्या कंबरेत.

पोरगा सरळ चालत गेला.