गंजलेल्या गाडीचे मोल

ऑक्सफर्डच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर, थेम्स नदीच्या काठी अ‍ॅबिंग्डन नावाचे एक टुमदार गाव आहे. ऑक्सफर्डची विद्यापीठे आणि वाचनालये पाहून दमलेला प्रवासी सहसा इकडे वळत नाही. वळला, तर त्याला जुना दगडी पूल दिसतो, नदीत डोलणाऱ्या होड्या दिसतात आणि बाजारचौकात सतराव्या शतकातली काउंटी हॉलची भारदस्त इमारत दिसते. या इमारतीची एक गंमत आहे. राजघराण्यात काही मंगल प्रसंग असला, की गावचे कारभारी तिच्या गच्चीवर चढून खाली जमलेल्या लोकांवर गोड पाव फेकतात! आपण बारशाला घुगऱ्या वाटतो. इथे पाव झेलावे लागतात, एवढाच फरक.

परंतु जगभरच्या मोटारवेड्या मंडळींना हे गाव ठाऊक आहे ते पावांमुळे नव्हे, तर एम.जी. या दोन अक्षरांमुळे. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या दुकानाची ही आद्याक्षरे. तिथे सेसिल किंबर या हुन्नरी व्यवस्थापकाने साध्या मॉरिस गाड्यांना देखणी अंगे चढवायला सुरुवात केली आणि १९२९ साली त्याचा कारखाना अ‍ॅबिंग्डनला, चामड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत आला. पुढे अर्धशतकभर इथून छोट्या, चपळ, दोन माणसांच्या गाड्या बाहेर पडत राहिल्या. १९८० च्या ऑक्टोबरात कारखान्याला कुलूप लागले. आज तेच अष्टकोनी चिन्ह पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरही दिसते. पण त्या गाड्या गुजरातेत हलोलला तयार होतात, आणि नावाखेरीज अ‍ॅबिंग्डनशी त्यांचे नाते उरलेले नाही.

माझा भाचा ऑक्सफर्डला नोकरी करतो. त्याला अनेक दिवस ‘एम.जी.बी.’ घ्यायची होती. ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत निघाली; तिच्या सगळ्या भावंडांसह ती पाच लाखांवर तयार झाली आणि त्यांतल्या बहुसंख्य परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या. म्हणजे ही काही कोहिनूर हिऱ्यासारखी दुर्मिळ वस्तू नव्हे. तिचा भाव ठरतो तो ती कोणत्या अवस्थेत आहे यावर. आणि भाच्याच्या खिशाला परवडणारी अवस्था एकच होती: गंजलेली!

पैसे होते ते स्वयंपाकघर नवे करायला साठवलेले. भाचेसून शहाणी. ती म्हणाली, “गाडी घ्यायला माझी ना नाही. पण जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा कागदावर लिहून मला दाखव, आणि मगच खिशातून पाकीट काढ.”

अ‍ॅबिंग्डनच्या बाहेर एका आजीबाईंच्या पडवीत अशी एक गाडी असल्याचे कळले. आजीबाई ऐंशीच्या घरातल्या. यजमान गेल्यापासून गाडी चादरीखाली पडून होती. भाच्याने बरोबर एक वृद्ध मिस्त्री घेतला. हे गृहस्थ तरुणपणी कारखाना बंद होईपर्यंत तिथेच कामाला होते. त्यांच्या पिशवीत एक बॅटरी, एक लहान जॅक, एक जुने कांबळे आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक होते.

चादर निघाली. लाल रंग विटलेला, तारांच्या चाकांवर तांबेरा. पण गाडीचा बांधा असा, की भाचा दोन मिनिटे बोललाच नाही. मिस्त्रींनी मात्र गाडीच्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. कांबळे अंथरून ते थेट खाली शिरले. आपल्याकडे गुरांच्या बाजारात जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांचे बेगड पाहत नाही, दात पाहतो, तसेच हे.

“इंजिनचं नंतर,” ते खालूनच म्हणाले. “इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, सुटे भाग अजून सगळे मिळतात. पत्रा कुजला, तर पैसा खातो.”

त्याचे कारण असे. या गाडीला खाली वेगळा लोखंडी सांगाडा नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यातून वर पक्के छप्पर नाही. तेव्हा सगळा भार पडतो तो दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ तुळयांवर. त्यांना सिल म्हणतात. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्या कोकणात खारा वारा जे काम वर्षानुवर्षे करतो, ते हे मीठ थोड्या हिवाळ्यांत उरकते. पुढच्या चाकांमागे खारट चिखल साचतो आणि तुळई आतून कुजू लागते. बाहेरून मात्र सारे गुळगुळीत! लबाड विक्रेते तर कुजलेल्या आतल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून वर रंग फासतात. वाळवी लागलेल्या वाशावर फळी ठोकून ऑइलपेंट द्यावा, तसे.

मिस्त्रींनी परीक्षा केली ती अगदी साधी. आधी दार उघडून ते बिजागरीवर खाली लोंबते का ते पाहिले. मग जॅक लावून एक बाजू हळूहळू उचलली आणि दार व त्याची चौकट यांच्यामधल्या फटीवर नजर ठेवली. अंग भक्कम असेल तर फट बदलत नाही. इथे ती वरच्या बाजूला मिटू लागली. म्हणजे गाडी मधोमध वाकत होती! आसनांमागचा पत्रा उचलला. तिथे बॅटरीच्या दोन पेट्या असतात. एका पेटीचा तळ जाऊन जमीन दिसत होती. दाराच्या पत्र्यावर, छोट्या तिकोनी काचेच्या बुडाशी एक बारीक चीरही होती. या गाड्यांचे ते नेहमीचेच दुखणे.

मग लोहचुंबक निघाले. पत्र्याला ते चिकटते. गंजाची भोके बुजवायला भरलेल्या पुट्टीला चिकटत नाही. दोन ठिकाणी ते सुटून पडले. आणि बॉनेटवर ठेवले, तर कुठेच धरेना! भाच्याचा चेहरा पडला.

मिस्त्री मोठ्याने हसले. “अरे, घाबरतोस काय? सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असायचं. त्याला चुंबक लागेल कसं?” मग त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. पुढच्या काळातल्या गाड्यांना बटण दाबून उघडायच्या मुठी असतात. ही मूठ ओढून उघडायची होती. १९६५ च्या आधीच्या गाड्यांची ही खूण. पाटीवरचा क्रमांक ‘जीएचएन ३’ने सुरू होत होता. लॉगबुकात वर्ष होते १९६३. शौकीन लोक या पहिल्या गाड्यांना चार पैसे अधिक मोजतात.

कागदपत्रांचे महत्त्व पत्र्याइतकेच. गेडन इथल्या मोटार संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. गाडी केव्हा तयार झाली आणि तिचा मूळ रंग कोणता, याचा दाखला तिथून मिळतो. सरकारी वार्षिक तपासणीत गाडी कधी नापास झाली, तेही नंबरावरून पाहता येते. मात्र २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. त्यामुळे कागद कोरा दिसला, तर गाडी निर्दोष असे समजू नये.

पडवीतल्या बाकावर बसून हिशेब झाला. हिशेबाची रीत मला आवडली, म्हणून सांगतो. अशीच गाडी ठाकठीक, चालती मिळाली तर काय पडेल, तो आकडा आधी लिहायचा. समजा, पंधरा हजार पौंड. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा: तुळया, पत्रा, रंग, ब्रेक, टायर, आसने, मिळून अकरा हजार. उरले चार. जे आज दिसत नाही आणि उद्या उघडल्यावर दिसेल, त्यासाठी आणखी एक हजार काढा. राहिले तीन हजार. “आणि स्वतःची मेहनत फुकट धरू नकोस,” मिस्त्रींनी बजावले, “शनिवार-रविवार तुझे नाहीत, तुझ्या बायकोचेही आहेत.” ऑक्सफर्डशायरमध्येच, विटनी गावी, मूळ साच्यांवर या गाडीचे संपूर्ण नवे अंग आजही तयार होते, पण त्याला एकट्यालाच दहा हजारांहून अधिक पौंड लागतात. तेव्हा तो मार्ग बाद.

एवढ्यात आजीबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “भंगारवाला येऊन गेला. मी विचार करून ठेवलाय. दीड हजार द्या आणि घेऊन जा.”

पडवीत शांतता पसरली. मिस्त्री चहात साखर ढवळू लागले. भाच्याच्या हातातल्या कागदावर तीन हजारांचा आकडा होता आणि तो आजीबाईंना दिसत नव्हता. होकार दिला असता तर स्वयंपाकघराचे निम्मे काम वाचले असते, आणि कायद्याने कोणी बोट दाखवले नसते. भाच्याने माझ्याकडे पाहिले. “मामा, तुम्ही काय म्हणता?” त्याने मराठीत विचारले.

“आकडा तुझा आहे,” मी म्हणालो.

त्याने कागद आजीबाईंपुढे सरकवला. कुजलेल्या तुळया दाखवल्या, तशाच ओढायच्या मुठीही दाखवल्या. गाडी पहिल्या काळातली असून ती भंगार नाही, आणि आपल्या हिशेबाने तिचे तीन हजार होतात, हे सांगितले. आजीबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मुलाला विचारून कळवते म्हणाल्या.

परतताना मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. आता त्या मुलाने एखादा दलाल गाठला, तर गाडी हातची जाणार हे उघड होते. पुढचे आठ दिवस भाचा टपालाकडे आणि टेलिफोनकडे डोळे लावून होता. भाचेसुनेने मात्र एकदाही टोमणा मारला नाही. नवव्या दिवशी आजीबाईंचे पत्र आले. मुलाने दोन ठिकाणी चौकशी केली होती, आणि आकडा त्यांना रास्त वाटला होता. गाडी आता भाच्याच्या गॅरेजात, तुळया उघड्या पडलेल्या अवस्थेत, ठोकळ्यांवर उभी आहे. स्वयंपाकघर पुढल्या वर्षी.

जुन्या वस्तूचा भाव काढणे ही विद्या आहे, आणि ती शिकता येते. बॅटरी, लोहचुंबक आणि थोडा संयम असला की झाले. वरचा रंग न पाहता खालचा पत्रा पाहावा, आणि मनाचा ओढा हिशेबात मिळवू नये. पण ज्याला भाव कळतो, त्याच्यावर एक जबाबदारीही येते. समोरच्याला तो कळत नसेल, तर कागद त्याच्यापुढे सरकवावा लागतो. असे केल्याने गाडी महाग पडते खरी. पण मग दर रविवारी तिच्याखाली कांबळे अंथरून पडताना मनाला गंज लागत नाही.