मुद्दल आणि व्याज

सुटीत इंदूरला मामांकडे गेलो की गळ घेऊन यशवंतसागरावर जाणे ठरलेलेच. गंभीर नदीवरचा, शहराला पाणी पुरवणारा हा होळकरकालीन तलाव 2022 साली रामसर यादीत आला. काठावर गळवाल्यांची वर्दळ; त्यामुळे इथला रोहू भारी सावध! जाड दोरा, पाण्यावर पडलेली सावली, पावलांचा आवाज, एवढ्यानेही तो दूर जातो. मामा बारीक दोऱ्याला कणकेची लहानशी गोळी लावून तासन्‌तास गप्प बसतात.

पण 16 जून ते 15 ऑगस्ट मामांचा गळ खुंटीवर. पावसात मासे अंडी घालतात, म्हणून मध्य प्रदेशात तेव्हा नद्यांत मासेमारी बंद असते. शेजारी म्हणाले, "एका माशाने काय होतंय?" मामा हसले, "मुद्दलच खाल्लं, तर व्याज कुठून येणार?"

वाणिज्याच्या वर्गात हे वहीत उतरवले होते. उमगले मात्र तळ्याकाठी.