आष्टी ते गिरड

आष्टीला महंमदखान नियाझीचा मकबरा पाहिला. मृत्यू १६२७ मधला. दगडाला तारीख असली की इतिहास सोपा होतो. दुपारी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गिरडच्या टेकडीवर आम्ही चढलो, तेव्हा पायांखाली बिनतारखेचे गोलसर दगड होते.

शेख फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. क्षमा मागताच बाबांनी सुक्या पानांतून नवा माल घडवून दिला, अशी लोककथा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातील वायूच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट साचले, असे भूशास्त्र सांगते. ते खरेच, पण त्यात क्षमेला जागा नाही. कथेला अंधश्रद्धा म्हणून वर्गाबाहेर काढणे सोपे. दगडातून करुणा वाचणारे ते अनाम कथेकरी मात्र आम्हांला आमचेच पूर्वसूरी वाटले.