उजेडात दाखवा

पार्सल परत आलं तेव्हा अण्णा गादीवर बसून चहा पीत होते. मी कात्रीने टेप कापली. आत आमचीच पिशवी, आमचाच पातळ पांढरा कागद आणि वर एक चिठ्ठी. ‘साडी सुरेख आहे, पण मी निळी मागवली होती. ही जांभळी आहे.’ अक्षर वळणदार, शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं असावं तसं. रागाचा एक शब्द नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

फोनवर आमच्या ऑनलाइन दुकानातला फोटो उघडून पाहिला. बाईंचं म्हणणं खरं होतं. फोटोत निळी आणि हातात पिकल्या जांभळासारखी. दोन्ही एकाच मागावरून उतरल्यात यावर माझाच विश्वास बसेना.

“फोटो कुठे काढलास?” अण्णांनी विचारलं.

“इथेच, काउंटरवर.”

“ट्यूबखाली?” कपबशी बाजूला ठेवत ते म्हणाले, “अगं, बाईला साडी पसंत पडली की ती काय करते? साडी उचलते आणि दारात जाते. ‘उजेडात दाखवा’ म्हणते. तीस वर्षं मी साड्या दारात नेतोय. तुझ्या फोटोत दार कुठंय?”

आमचं दुकान नाशिकच्या जुन्या भागात आहे. बोळ अरुंद, दुकान खोल. मागच्या गाळ्यात भर दुपारी दिवे लावावे लागतात. २०२० च्या टाळेबंदीत लग्नसराईचा सगळा हंगाम बुडाला आणि साड्या कपाटात तशाच राहिल्या. तेव्हा मी हट्टाने हे ऑनलाइन दुकान उघडलं. वेबसाइट, पैसे घेण्याची सोय, कुरिअर, सगळं पंधरा दिवसांत जमलं. फोटोंना मी एक दुपार दिली होती. चाळीस साड्या, एक दुपार. आता आठवलं की हसू येतं.

अण्णांच्या त्या प्रश्नावर पुढची दोन वर्षं गेली.

आधी जांभळ्याचा गुन्हा शोधला. जांभळा रंग कॅमेऱ्याला मुळातच नीट झेपत नाही. त्यातला तांबडा अंश तो कमी टिपतो आणि निळा वर येतो. साध्या ट्यूबच्या उजेडातही तांबडा कमीच असतो, त्यामुळे निळ्याला आणखी बळ मिळतं. शिवाय फोनचा कॅमेरा स्वतःला फार शहाणा समजतो. संपूर्ण चौकट एकाच रंगाने भरली की त्याला वाटतं, उजेडच त्या रंगाचा आहे, आणि तो परस्पर दुरुस्ती करून टाकतो. राणी कलरचं दुखणं वेगळंच. तो इतका भडक लागतो की वीण, बुट्टी, सगळं एका गुलाबी डबक्यात बुडून जातं. राणी आणि डाळिंबी साड्यांसाठी मी आजही उजेडाची पातळी मुद्दाम खाली ओढते, मग धागा दिसू लागतो.

यावर उपाय अगदी साधा निघाला. फोटोग्राफीच्या दुकानात १८ टक्के करड्या रंगाचं एक कार्ड मिळतं. साडीचा पहिला फोटो ते कार्ड पदरावर ठेवून काढायचा आणि त्या करड्यावरून रंगांचा तोल ठरवायचा. मग तोच तोल त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना लावायचा. कार्ड आणण्याआधी मी झेरॉक्सचा पांढरा कागद वापरत होते आणि सगळ्या साड्या किंचित पिवळट का येतात म्हणून डोकं फोडत होते. तो कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात, त्याने कागदावर निळसर झाक येते. निळसर कागदाला पांढरा मानलं की कॅमेरा बाकीच्या सगळ्यावर पिवळं पाणी फिरवतो.

उजेडासाठी मी घरातली उत्तरेची खिडकी धरली. उत्तरेकडून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, उजेड मऊ आणि एकसारखा राहतो. महिनाभर काम झकास चाललं. मग आईने एकदा सहज विचारलं, “तुझ्या मोतिया साड्या सगळ्या हिरवट का गं?” मी सेटिंग तपासलं, फोन बदलून पाहिला, कार्डही बदललं. शेवटी एका सकाळी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. समोरच्यांनी घराला नवा रंग दिला होता. पोपटी! त्यांच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर दिवसभर ऊन पडायचं आणि ते पोपटी होऊन माझ्या खिडकीत यायचं. त्यांना काय सांगणार, रंग बदला म्हणून? मी बिऱ्हाड गच्चीवरच्या खोलीत हलवलं. तिथे समोर नुसतं आभाळ आहे. खोलीत आधी कुरडया आणि पापडांचे डबे होते. ते हलवताना आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून वेळ ठरलेली आहे, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा आहेत, एक तिवईच्या पायांसाठी आणि एक साडीच्या दांडीसाठी. त्यामुळे कालच्या आणि आजच्या फोटोत अंतर बदलत नाही. फोनच्या रुंद भिंगाने सरळ काठ धनुष्यासारखा वाकतो, म्हणून मागे सरकून दुप्पट झूमच्या भिंगाने काढते. आणि दर वेळी आधी भिंग पुसायचं, जुन्या मऊ सुती धोतराच्या तुकड्याने. फोन दिवसभर हातात असतो, भिंगावर बोटांचं तेल बसतं आणि जरीभोवती धुकं दिसतं. हे कळायला मला चार महिने लागले. खोलीतला दिवा बंद ठेवायचा हा नियम मात्र अजून घरात रुजलेला नाही. आई जिना चढून येते, “अंधारात काय करत बसलीस?” म्हणते आणि बटण दाबते. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळा. साडीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्याच रंगाची.

खरी परीक्षा जरीने घेतली. सुरुवातीला मी फ्लॅश मारायचे आणि काठाच्या जागी पांढरे डाग यायचे, साडीवर कोणी चुना सांडल्यासारखे. मग समजलं, जर ही आरशाच्या जातीची. समोर जे असेल ते ती दाखवते. म्हणून उजेड समोरून न घेता बाजूने, तिरका घेतला. खिडकीवर पांढरं मलमल ताणून बांधलं. दुसऱ्या बाजूची सावली उजळायला पांढरा पडदा हवा होता. माळ्यावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल पडून होतं, २०१८ च्या बंदीच्या आधीचं. त्याला आता काम मिळालं. पण सगळीकडून पांढरं झालं तर जर मेली. ती हळदीच्या रंगाची सपाट पट्टी दिसू लागली. सोन्याला सोनं दिसायला शेजारी थोडा काळोख लागतो. एक दिवस वैतागून अण्णांची काळी छत्री उघडून बाजूला ठेवली आणि काठ एकदम जिवंत झाला. नारळी काठाची टोकं वेगळी मोजता येऊ लागली. अण्णा पावसाळ्यात ओरडतात, “छत्री कुठाय?” छत्री गच्चीवर ड्यूटीला असते.

पैठणीचा मामला याच्याही पुढचा. आम्ही येवल्याहून माल आणतो. पैठणी मूळची पैठणची, पण आज माग ऐकू येतात ते मुख्यतः येवल्यात. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल हातमागाच्या पैठणीत पुष्कळदा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. इकडून पाहिलं तर मोरपंखी, तिकडून पाहिलं तर जांभळी. ही धूपछाव म्हणजेच तिचा जीव, आणि फोटोत नेमकी तीच मरते, कारण फोटो एकाच जागेवरून पाहतो. दोन रंगांतला एक रंग तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवता आणि दुसरा त्याच्या घरी पार्सलमधून पोचतो. आमची परत आलेली साडीही धूपछावच होती. म्हणजे बाईंना फसवायला ट्यूब होती, कॅमेरा होता आणि खुद्द साडीसुद्धा.

आता मी प्रत्येक धूपछावचे तीन फोटो काढते. एक डावीकडून, एक उजवीकडून आणि एक पदराला सैल चुणी घालून, म्हणजे चढावर एक रंग दिसतो, उतारावर दुसरा. सोबत आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ. त्यात आई पदराचं टोक धरून सावकाश फिरवते, बस्. खाली वर्णनात लिहिते : ताणा जांभळा, बाणा हिरवा. आईचा हात मुद्दामच ठेवला आहे. बोटांशेजारी नक्षीतली मुनिया केवढी, मोर केवढा, हे कळतं. इंचात लिहिलेलं कोणी वाचत नाही. एका काकूंनी तर मेसेज केला, “त्या हातातल्या पाटल्या कुठे मिळतील?”

आणि उलटी बाजू. दुकानात जाणकार बाई आधी पदर उलटा करते. हातमागाच्या पैठणीत विणकर रंगीत धाग्यांच्या तिल्ल्या घेऊन नक्षी एकेक धागा गुंतवत विणतो, त्यामुळे मोर सुलट बाजूला जसा, तसाच उलट बाजूला. यंत्रावरच्या सेमी पैठणीत मागे धाग्यांचे लांब टाके लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. मी दोन्हींच्या उलट्या बाजूचे फोटो टाकायचं ठरवलं तेव्हा घरात भांडण झालं. अण्णा म्हणाले, “सेमीची उलटी बाजू कशाला दाखवतेस? कोण घेईल?” मी म्हटलं, “दुकानात लपवता का तुम्ही?” ते गप्प झाले. सेमी घेणारीला ठाऊक असतं की ती सेमी घेते आहे. किमतीतच ते कळतं. तिला फक्त धागे नीट कापलेत का, अंगाला टोचणार नाहीत ना, एवढं पाहायचं असतं. कायद्याचं म्हणाल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत हे स्पष्टच आहे. जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. पण अण्णांना कायद्यापेक्षा दुकानाचं उदाहरण पटलं.

हातमागावरच्या साडीत कुठे एखादी गाठ असते, एखाद्या मुनियेची चोच इतरांपेक्षा लांब निघते. त्यावर बोट ठेवून जवळून फोटो काढते. असा फोटो पाहून एकीने साडी सोडली आणि दुसरीने नेमकी तीच मागितली, “त्या लांब चोचीची द्या.”

बाकीचं तांत्रिक थोडक्यात. मोठ्या बाजारपेठेवर माल टाकायचा तर त्यांचे नियम पाळावे लागतात. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा लागतो आणि झूम होण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. पार्श्वभूमी आपोआप कापणारं एक ॲप वापरून पाहिलं, तर त्याने पदराचे गोंडेच खाल्ले. आणि शिरोदक, म्हणजे पांढरी पैठणी, पांढऱ्यावर पांढरी ठेवली की काठ तेवढा हवेत तरंगतो. तिथे काळी छत्री पुन्हा कामी येते, कडेला हलकी सावली पाडायला. आमच्या स्वतःच्या पानावर मी फिकट मातकट भिंत ठेवली आहे. फोटो लांब बाजूला २००० पिक्सेल करून, आकार दोन-अडीचशे केबीपर्यंत आणून टाकते, नाहीतर गावाकडच्या नेटवर्कवर तो उघडेपर्यंत बाई दुसऱ्या दुकानात गेलेली असते. पहिला फोटो कसा आहे हे ठरवायला मी तो अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहते. एवढ्यातही काठ आणि पदर ओळखता आले पाहिजेत. सबंध साडी पसरून काढलेला फोटो त्या आकारात सतरंजी दिसतो.

एवढं करूनही एक गोष्ट माझ्या हातात नाही, ती म्हणजे पाहणारीचा फोन. बायका साड्या पाहतात त्या रात्री, कामं आवरल्यावर, आणि तेव्हा डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळा केलेला असतो. त्या पिवळ्यात माझं करडं कार्ड काय करणार? म्हणून प्रत्येक साडीखाली रंग शब्दांतही लिहिते, आणि आपल्या शब्दांत : आमसुली, वांगी, अबोली, श्रीखंडी, शेवाळी. ‘पर्पल’ म्हटलं की दहा बायकांच्या मनात दहा रंग येतात, वांगी म्हटलं की भाजीच्या टोपलीतलं वांगं. चिंतामणी मात्र लिहीत नाही. तो नेमका कोणता, यावर आमच्या घरातच एकमत नाही.

ती परत आलेली जांभळी मी नव्याने, गच्चीवर, तीन फोटोंत आणि एका व्हिडिओत बसवली. चिठ्ठीवाल्या बाईंनाही पाठवली, नुसती पाहायला म्हणून. त्यांचं उत्तर आलं, “आता बरोबर दिसते. पण मला निळीच हवी.” निळी पाठवली. ती परत आली नाही.

ऑनलाइन पैठणी घेणार असाल तर एवढं करा. विक्रेत्याकडे पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मागा, दिवसाच्या उजेडातला, दिवा बंद करून काढलेला. तो द्यायला टाळाटाळ केली तर त्या दुकानातून उठा.