ऋतूंच्या भरवशावर : आयोवातील मॅडिसन काउंटी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डे मॉइन या राजधानीच्या नैर्ऋत्येस मॅडिसन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. पण येथील लोकसंख्या सारी मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाएवढीच. तिचे मुख्य ठिकाण विंटरसेट. 1849 मध्ये या गावाचे नाव ठरत असताना कोणीतरी ‘समरसेट’ सुचवले. दिवस उन्हाळ्याचे, पण त्या दिवशी हवेत चांगलाच गारठा होता. तेव्हा जमलेल्यांपैकी एकाने उन्हाळ्याऐवजी हिवाळ्याचे नाव अधिक शोभेल असे म्हटले आणि गावाला ‘विंटरसेट’ हे नाव मिळाले, अशी कथा तेथे सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, या प्रदेशाचा स्वभाव तीत नेमका उतरला आहे.

या स्वभावाचे कारण भूगोलात आहे. समुद्र येथून फार दूर. त्यामुळे उन्हाळ्याची धग वा हिवाळ्याची थंडी सौम्य करणारे पाणी जवळ नाही. उत्तरेस कॅनडापासून दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातापर्यंत वाऱ्याला अडवणारा आडवा पर्वतही नाही. उत्तरेकडून ध्रुवप्रदेशाची कोरडी, गोठवणारी हवा उतरते आणि दक्षिणेकडून आखाताची उष्ण, दमट हवा चढते. या दोन्ही हवांची गाठ ज्या मैदानांवर पडते, त्यांतच मॅडिसन आहे. आयोवा राज्यात आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान उणे 44 अंश सेल्सिअस, तर सर्वांत अधिक सुमारे 48 अंश आहे. एकाच राज्याच्या पदरी ही दोन टोके!

हिवाळा डिसेंबरपासून मार्चपर्यंत ठाण मांडून बसतो. जानेवारीत रात्रीचे तापमान सहज उणे दहाच्या खाली जाते. बर्फ पडतो, पण खरा त्रास वाऱ्याचा. पडलेला बर्फ उचलून तो रस्त्यांवर ढीग घालतो, आणि शेतावरचे घर एक-दोन दिवस जगापासून तुटते. पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ महिने अशी विभागणी येथे नाही. वर्षभरात सुमारे 900 मिलिमीटर पर्जन्य होते व ते बाराही महिन्यांत थोडेथोडे येते. मात्र मे-जूनचा वाटा सर्वांत मोठा आणि हिवाळ्याचा सर्वांत लहान.

वसंत हा सर्वांत अधीर ऋतू. जमिनीचे तापमान दहा अंशांवर स्थिरावल्याशिवाय मक्याचे बी नीट रुजत नाही, आणि ओल्या मातीत यंत्र घातले तर ती दबून घट्ट होते. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा महिनाच काय तो पेरणीचा. लवकर पेरावे तर उशिराच्या दहिवराची भीती. थांबावे तर पावसाने शेत बंद होण्याची. वर्षाचा निम्मा हिशेब या निर्णयावर ठरतो.

याच ऋतूत आकाश भयंकरही होते. उष्ण व थंड हवेच्या संघर्षातून गर्जणारे मेघ उठतात आणि त्यांतून कधी सोंडेसारखा फिरता वारा जमिनीवर उतरतो. हाच टॉर्नेडो. एरवी त्यांचा मोसम एप्रिल ते जून; पण 5 मार्च 2022 रोजी, हिवाळा पुरता सरलाही नव्हता तेव्हा, दुपारी एक प्रचंड टॉर्नेडो विंटरसेटच्या दक्षिणेकडून गेला. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 270 किलोमीटर होता. जमिनीवरून तो शंभर किलोमीटरहून अधिक अंतर चालत गेला. मॅडिसन काउंटीत सहा जणांचा अंत झाला. त्यांत दोन लहान मुले होती. भोंगा वाजताच तळघरात उतरायचे, हे येथील मुलांना लहानपणापासून शिकवले जाते.

उन्हाळा मक्याचा. जुलैत पारा तिशीच्या पुढे जातो, हवा दमट होते आणि उंच वाढलेली शेते स्वतःच इतकी वाफ सोडतात की रात्रीही घामाची चिकचिक राहते. याच महिन्यात तुऱ्यातील पराग कणसाच्या रेशमावर पडतो. त्या दोन-तीन आठवड्यांत पाऊस रुसला तर कणसात दाणेच भरत नाहीत. त्यामुळे जुलैतील ढगांकडे शेतकरी जितक्या काळजीने पाहतो, तितक्याच काळजीने शिकागोचा व्यापारीही पाहतो. 1848 मध्ये स्थापन झालेल्या तेथील वायदा बाजारात 2012 च्या दुष्काळी ऑगस्टमध्ये मक्याचा भाव बुशेलला, म्हणजे साधारण 25 किलोंना, आठ डॉलरच्या वर गेला. भाव विक्रमी, पण ज्याचे शेत वाळले त्याच्याकडे विकायला माल कोठे होता? पीकविम्याचा आधारभावही याच बाजारातील फेब्रुवारीच्या सरासरीवरून ठरतो. अशा रीतीने पेरणीपूर्वीच हवामानाची किंमत कागदावर येते.

शरद ऋतूत हिशेब मिटतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर कापणी चालते व धान्याच्या उंच कोठारांपुढे वाहनांच्या रांगा लागतात. तेथे प्रथम दाण्यातील ओलावा मोजला जातो. तो पंधरा टक्क्यांहून अधिक असला की वजावट होते. शेतात वाळू द्यावे तर वारा ताटे आडवी करतो. लवकर काढावे तर वाळवणीच्या इंधनाचा खर्च चढतो.

एका शरदाने तर येथील व्यवसायच बदलला. जगप्रसिद्ध ‘डिलिशस’ सफरचंद मूळचे मॅडिसन काउंटीतले. पेरू नावाच्या खेड्याजवळ जेसी हायट यांच्या बागेत हे झाड आपोआप उगवले होते; 1890 च्या दशकात मिसुरीतील स्टार्क यांच्या रोपवाटिकेने त्याचे हक्क घेतले. त्या काळी आयोवा सफरचंदांसाठी नावाजलेले होते. 11 नोव्हेंबर 1940 रोजी उबदार सकाळीनंतर काही तासांतच तापमान कोसळले. ऊबदार शरदामुळे झाडे अजून थंडीसाठी तयार झालेली नव्हती. खोडांतील रस गोठला आणि राज्यभर बागा मेल्या. अनेकांनी पुन्हा झाडे लावलीच नाहीत. त्या जमिनींवर मका आणि सोयाबीन आले. हायट यांचे मूळ झाडही त्याच थंडीत गेले. परंतु पुढे त्याच्या मुळांतून नवा कोंब फुटला.

याच काउंटीचे छप्पर असलेले लाकडी पूल कादंबरी आणि चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाले. एके काळी ते एकोणीस होते, आज सहा उरले आहेत. 1870 चा आयम्स पूल त्यांत सर्वांत जुना. प्रवासी त्यांच्या सौंदर्यासाठी येतात, पण छप्पर सौंदर्यासाठी घातलेले नव्हते. पुलाखालच्या जाड तुळया महाग, बाजूच्या व छपराच्या फळ्या स्वस्त. ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी फळ्या खराव्यात आणि तुळया टिकाव्यात, असा काउंटीच्या कारभाऱ्यांचा सरळ हिशेब होता. दीडशे वर्षांनंतरही मिडल नदीवरून येणारा वारा त्या फळ्यांवर आदळतो, आणि त्यांच्या आडोशाला जुन्या तुळया कोरड्या राहतात.